पटातली फट

फार फार वर्षांपूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन राजे राज्य करत. नदीचं पाणी आधी कुणाच्या शेतांना द्यायचं, हे ते तलवारीनं नव्हे, सोंगट्यांनी ठरवत. दर श्रावणात एक डाव, त्याच एका लाकडी पटावर. काय शहाणी माणसं, नाही का?

पट जुना झाला, कडा झिजल्या. तेव्हा अलीकडच्या राजानं म्हाळू सुताराला बोलावलं. "तुझ्याच आजोबांनी घडवलेला हा पट. अगदी अस्साच नवा कर."

भर उन्हाळ्यात म्हाळू कामाला बसला. नक्षी जशीच्या तशी उतरली. एकच गोष्ट त्याला खुपत होती. जुन्या पटाची मधली फळी चौकटीत सैल होती, चारी बाजूंनी बारीक फट.

"म्हाताऱ्याचा हात चुकला बघ," तो बायकोला म्हणाला. "मी नाही हो चुकणार!" त्यानं नवी फळी घट्ट ठोकली, सांध्यांत सरस भरला. आणि सरस तापवायला चुलीत काय सारलं? अहो, जुना पट!

बायकोनं कपाळावर हात मारला. "राजाला विचारलंत तरी का?"

"नवा असताना जुना कुणाला हवाय?"

श्रावण आला. पावसाची झड काही थांबेना. दरबारात डाव मांडला. पलीकडचा राजा कवड्या टाकणार, तोच काड्! ओल पिऊन फुगलेल्या फळीला पसरायला जागाच नव्हती, तिनं चौकटच फोडली. सोंगट्या उडाल्या. एक तर थेट पाहुण्या राजाच्या गालावर बसली! त्याचा हात तलवारीवर गेला.

"थांबा, थांबा!" अलीकडचा राजा ओरडला. "म्हाळू, जुना पट आण, पळ!"

म्हाळूनं फुटलेली चौकट उचलून पाहिली. आजोबांनी फट का ठेवली होती, हे त्याला आत्ता कळलं.

"महाराज... तो मी जाळला."



पाहुणा राजा उठला. "ज्या पटावर वाडवडिलांनी शब्द दिला, तोच जाळलात? मग शब्द तरी कुठं उरला?" आणि तो चालता झाला.

त्या वर्षी दोन्ही काठांवर सैन्य उभं राहिलं. म्हाळूला भाल्यांचे दांडे तासायला बसवलं. त्यानं तासलेला पहिला दांडा त्याच्याच लेकाच्या हाती गेला.

म्हणून सांगतो, थोरांच्या कामात उणीव दिसली, तर ती बुजवण्याआधी ती का ठेवली हे शोधावं.