अठ्ठावीस नंबरची खुर्ची

“...तिला येतं, गुरुजी. सगळं येतं. मग पाटी कोरी का ठेवते?”

धैर्यशील ओट्यावर चढला तोच हा प्रश्न घेऊन. एक चप्पल इकडे, एक तिकडे. नमस्कार करायचा राहूनच गेला.

दत्तोबा गुरुजी भिंतीला टेकून पावटे सोलत बसले होते. एक पाय लांब सोडलेला. तो गुडघा आता कुणाचंच ऐकत नव्हता. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण?”

“पूर्वा. तिसरीतली. वीटभट्टीवर भैरू आहे बघा, त्याची मुलगी. गणितात वर्गात पहिली. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर. आणि सोमवारपासून... काही नाही. हात नाही, उत्तर नाही. साधी बेरीज दिली, पाटी कोरी. पाढा म्हण म्हटलं, तर नुसती माझ्याकडे बघत उभी.”

“सोमवारपासून.”

“हो.”

“म्हणजे त्याच्या आधी काहीतरी झालं असणार.”

“आधी काय होणार? शनिवारी सिनेमा होता.” धैर्यशीलनं कपाळावर हात मारला आणि मटकन खाली बसला. “नाव काढू नका त्या सिनेमाचं!”

नाव त्यानंच काढलं होतं. पण वैतागलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो.

हा धैर्यशील गुरुजींचाच विद्यार्थी. ज्या शाळेत गुरुजींनी अख्खी नोकरी केली, तिथेच आता तो मास्तर होता. हुशार, कामसू, आणि आपण हुशार आहोत हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. नाव धैर्यशील, धीर मात्र नावापुरताच.

“सांग,” गुरुजी म्हणाले.

“कल्पना चांगली होती, गुरुजी. अजूनही म्हणतो, चांगली होती! गणित म्हटलं की पोरांच्या आधी आईबापांची तोंडं वाकडी होतात. म्हटलं, अख्ख्या घरानं मिळून यावं, सिनेमा बघावा, आणि बघता बघता गणित व्हावं. शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला. हत्तीच्या हरवलेल्या पिल्लाचा सिनेमा आणला. खुर्च्यांवर मी स्वतः खडूनं नंबर घातले. आणि दारात प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर गणित. जे उत्तर येईल, तो आपल्या खुर्चीचा नंबर.”

“वा!” गुरुजी म्हणाले. मनापासून म्हणाले.

“एका घरातली माणसं शेजारी शेजारी येतील, अशाच चिठ्ठ्या बनवल्या होत्या मी. आठवडाभर डोकं लावून!”

“मग?”

“मग काय! माणसं आहेत का ती? एका आजीनं चिठ्ठी कमरेला खोचली आणि नातवाला मांडीवर घेऊन थेट पहिल्या रांगेत. म्हटलं, आजी, तुमचा नंबर? तर म्हणते, ‘मला लांबचं दिसत न्हाई बाबा, नंबर तुलाच ऱ्हाऊ दे.’”

गुरुजींनी पावट्याची शेंग जरा जोरात मोडली.

“पोरं लागली ओरडायला. ‘आये, सहा पाचे तीस, हिकडं ये की!’ कुणी चुलत्याला सांगतंय, कुणी मामीला. दोन घरांनी तर चिठ्ठ्याच बदलून घेतल्या. का, तर पंख्याखालची जागा पाहिजे.”

“पंख्याखालची जागा कुठली, हे त्यांना कसं कळलं?”

“कसं म्हणजे? चिठ्ठीवरचं गणित सोडवलं.”

“दोन्ही घरांनी?”

“हो. पण बदलून घेतल्या ना, गुरुजी!”

गुरुजींनी पुढची शेंग उचलली.

“मध्यंतरात शेंगदाण्याच्या पुड्या दिल्या. घरात माणसं किती, दाणे किती, एकेकाच्या वाट्याला किती. मी फळ्यावर प्रश्न लिहीपर्यंत दाणे खलास! ‘सर, भागाकार पोटात झाला,’ असं वर मलाच! तुम्ही हसताय.”

“नाही, नाही. पुढं.”

“पुढं काय, मातेरं झालं सगळ्याचं. नियम म्हणून काही असतो की नाही? दारातच बजावलं होतं. कुणी कुणाला उत्तर सांगायचं नाही. ज्याचं त्यानं सोडवायचं. आणि उत्तर आल्याशिवाय बसायचं नाही.”

“का?”

“का म्हणजे? उत्तर सांगितलं, तर ते गणित कसलं?”

गुरुजींनी टरफलं बाजूला सारली. “कुणीच पाळला नाही नियम?”

“एका पूर्वानं पाळला. नऊ त्रिक सत्तावीस. गेली, सत्तावीस नंबरवर बसली. हूं नाही की चूं नाही. मान तेवढी सारखी मागं वळत होती, तर म्हटलं, पुढं पडद्याकडं बघ. पण जागची हलली नाही. मध्यंतरात मी सगळ्यांसमोर शाबास म्हटलं तिला. एवढ्या गोंधळात एक शहाणी पोर!”

गुरुजींचे हात थांबले.

“एकटीच आली होती?”

“नाही. भैरू होता ना. पहिल्यांदाच शाळेत आला. पालकसभेला कधी फिरकला नाही. पण ही म्हणे रोज मागं लागली होती, आबा, सिनेमाला चला. आला मग. स्वच्छ शर्ट, केसांना तेलबिल लावून.”

“तो कुठं बसला?”

“बसतोय कुठला! तेच तर सांगतोय. अख्खा सिनेमा दाराशी उभ्यानं बघितला. स्वतःची खुर्ची रिकामी असताना! मी जवळ गेलो, म्हटलं, बसा की. तर म्हणतो, ‘न्हाई सर. तुमीच म्हनला न्हवं, उत्तर आल्याबिगर बसायचं न्हाई.’”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, सोपं आहे, करा प्रयत्न.”

“एवढंच?”

धैर्यशील घुटमळला. पायात नसलेल्या चपलेचा अंगठा चाचपल्यासारखं त्यानं केलं.

“म्हटलं... अहो, तिसरीचं गणित आहे.”

“हळू म्हणालास?”

“हॉलमध्ये गलका होता, गुरुजी. हळू म्हटलं असतं तर ऐकू गेलं नसतं.”

“मग सगळ्यांनाच ऐकू गेलं असेल.”

“...हसले थोडे लोक.” त्याचा आवाज पुन्हा चढला. “पण मी काही वाईट हेतूनं नाही म्हटलं! आणि शेवटी त्यानं काय केलं माहिताय? जाताना चिठ्ठी परत आणून दिली. बारीक घड्या घालून. ‘ही घ्या सर तुमची चिठ्ठी.’ एवढं जीव तोडून करतो मी, आणि ह्यांना त्याचं काही नाही!”

“आहे?”

“काय?”

“चिठ्ठी.”

धैर्यशीलनं पिशवीचा कप्पा उलटापालटा केला. चिठ्ठी निघाली. गुरुजींनी एकेक घडी उलगडली. कागद आधी लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला.

मग भिंतीला हात लावून ते उठायला लागले. धैर्यशील हात द्यायला पुढे झाला. तो हात त्यांनी घेतला नाही. एक पाय ओढत ते घराच्या दाराशी गेले आणि चिठ्ठी घेऊन उंबऱ्याशी उभे राहिले.

“कुठं निघालात?”

“कुठंच नाही.”

“मग बसा ना.”

“बसतो की. जागा कळली की बसतो.”

“कसली जागा?”

गुरुजींनी हातातली चिठ्ठी जरा वर केली.

धैर्यशील हसला. “पुरे झाली थट्टा, गुरुजी.”

गुरुजी हसले नाहीत.

...

ऊन सरकत उंबऱ्यावर आलं. एक कावळा ओट्यावर उतरला आणि पावट्याची शेंग उचलून गेला. त्याला कुणी हाकललं नाही.

“गुरुजी, डॉक्टरांनी तुम्हाला उभं राहायला मनाई केलीय.”

“प्रयत्न करतोय. सोपं आहे म्हणतात.”

“अहो, पण तुम्हाला येत नाही असं कसं? मला हा पाढा तुम्हीच शिकवलाय!”

गुरुजी नुसते त्याच्याकडे बघत राहिले. ना राग, ना हसू. दाराशी उभा राहिलेला म्हातारा माणूस आत बसलेल्याकडे बघतो, तसं.

धैर्यशीलला आता खरोखरच संताप आला. हा आला होता एका पोरीची अडचण घेऊन, शाळा सुटल्या सुटल्या, पोटात अन्नाचा कण नसताना. आणि ह्यांना हे सुचत होतं. दुसरा कुणी असता तर तो उठून चालता झाला असता.

“मला उशीर होतोय, गुरुजी. पूर्वाचं काय करू, ते सांगा.”

गुरुजींनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली.

“निदान टेका तरी!”

गुरुजी टेकले नाहीत. त्यांनी चौकट धरली होती. गुडघा थरथरायला लागला होता आणि त्याबरोबर धोतराचा सोगाही. कपाळावर घाम आला. तरी चिठ्ठी समोर धरलेलीच.

धैर्यशीलनं मान फिरवली. रस्त्याकडं बघितलं. पण मान आपोआप पुन्हा मागं वळली.

...

“अठ्ठावीस!” तो ओरडला. “सात चोक अठ्ठावीस, गुरुजी! अठ्ठावीस! बसा आता, पाया पडतो तुमच्या!”

गुरुजी आले. भिंतीला टेकले. पाय लांब सोडला. बराच वेळ गुडघा चोळत राहिले.

“सांगितलंस,” ते म्हणाले.

“सांगू नको तर काय करू? तुम्हाला असं ताटकळत उभं ठेवून मी कसा...”

आणि तो तिथंच थांबला.

...

“सत्तावीसच्या शेजारची खुर्ची कुठली?” गुरुजींनी विचारलं.

“अठ्ठावीस.”

“कोण बसलं होतं तिच्यावर?”

“कुणी नाही.” धैर्यशीलचा आवाज खाली गेला होता. “पूर्वा हात ठेवून बसली होती त्या खुर्चीवर. सिनेमा संपेपर्यंत. मागच्या माणसानं ती ओढून न्यायला बघितली, तर तिनं दोन्ही हातांनी धरली. मी म्हटलं, बघा, खुर्च्यांची रांगसुद्धा मोडू देत नाही ही...”

त्यानं तोंडावरून हात फिरवला. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

“तिला येत होतं, गुरुजी. तिच्या ओठांवर असेल. ती सारखी मागं बघत होती, आणि मी... मी शाबास म्हटलं तिला.”

गुरुजींनी एक शेंग उचलली. सोलली. दाणे ताटात टाकले.

“भैरूकडं जाऊन येतो. आत्ताच जातो. माफी मागतो त्याची.”

“जा.”

“आणि पुन्हा ह्या चिठ्ठ्या नकोत. नकोच ते!”

“चिठ्ठ्यांनी काय केलंय? चांगल्या आहेत.”

धैर्यशील उठला. एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना. ती पायरीखाली गेली होती. ती पायात घालून तो परत फिरला आणि ओट्याशी उभा राहिला. येताना जो प्रश्न घेऊन आला होता, तो तसाच राहिला होता.

“पूर्वाला काय सांगू, गुरुजी? माझं चुकलं म्हणून सांगू? ती नऊ वर्षांची पोर. तिला काय कळणार? उलट आपलंच काही चुकलं, असं वाटायचं तिला.”

“काही सांगू नकोस.”

“मग ती पाटीवर लिहील कशी?”

गुरुजींनी ती चिठ्ठी मांडीवर ठेवून तळव्यानं सपाट केली. घड्यांच्या रेघा काही गेल्या नाहीत. मग ती उघडीच त्याच्या हातात दिली.

“उद्या ही घेऊन तिच्यापुढं उभा राहा. आणि ती सांगेपर्यंत बसू नकोस.”