दोन वेगांच्या रॅम

तालुक्याच्या ग्रंथालयातले कॉम्प्युटर सांभाळणारी शाल्मली दार आपटलं तरी दचकायची. त्या दिवशी दार आपटून अध्यक्ष घारपुरेच आत आले, तिनेच लिहिलेला अहवाल हातात घेऊन.

"एका कॉम्प्युटरमध्ये जुन्या रॅमशेजारी दुसऱ्याच कंपनीची, दुसऱ्याच वेगाची रॅम बसवलीत? अहो, अशी खिचडी चालत नाही! भंगारात काढा तो. आणि इंदूताई, तुम्हीही आता घरी विश्रांती घ्या. नव्या मशीनवर तुमचा हात बसायचा नाही."

तीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या इंदूताईंनी नुसता चष्मा काढून पुसला. ते पाहून शाल्मली बोलून गेली, "साहेब, इथले दोन्ही कॉम्प्युटर वापरून बघा. खिचडी कुठली ते ओळखलंत, तर मीच तो भंगारात नेऊन देते."

"एका मिनिटात ओळखतो!"

घारपुऱ्यांनी दोन्हींवर ग्रंथसूची उघडली. एकावर पानं भराभर आली, दुसरा रखडत राहिला. "हाच तो!" त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

शाल्मलीने तो बंद करून झाकण काढलं. आत मेमरीच्या दोन पट्ट्या, म्हणजे दोन रॅम होत्या, अगदी जुळ्या बहिणींसारख्या.

घारपुऱ्यांनी वाकून आत पाहिलं. "म्हणजे त्या वेगवेगळ्या दोघींचं पटतं?"

"पटतं की. जलद असते ती हळू असणारीच्या चालीनं चालते."

"मग तिच्या जलद असण्याचा उपयोग काय?"

शाल्मलीने इंदूताईंकडे पाहिलं. "दोघींच्या मिळून जास्त लक्षात राहतं, साहेब."

घारपुऱ्यांनी अहवालाची घडी करून खिशात घातली आणि इंदूताईंची खुर्ची स्वतःच कॉम्प्युटरसमोर ओढली.