बयजाचे बावीस खळगे

आमच्या हिंगणवाडीला जेवायला आलात, तर हात धुवायला आधी बाणी नदीवर जाऊन या. पायऱ्या उतरल्या की काळ्या खडकाची लांब शिळा लागते. तिच्यात वाटीएवढे खळगे आहेत, एका ओळीत, बावीस. नदीत खळगे पुष्कळ ठिकाणी असतात, पण पंगत मांडल्यासारखे मी तरी दुसरीकडे पाहिले नाहीत. त्यांना बयजाचे खळगे म्हणतात. गुरवाच्या अण्णांनी मला सांगितलं तेच तुम्हाला सांगते. ताट यायला वेळ आहे, तोवर ऐका.

फार जुनी गोष्ट. राज्य कुणाचं होतं ते अण्णांनाही ठाऊक नाही. त्या साली पाऊस पडलाच नाही, वरची ज्वारी जळून गेली. नदीच्या पात्रात गाळावर लावलेली वांगी तेवढी तगली, आणि जमिनीतल्या पेवात मागल्या सालचा थोडा दाणा होता. एवढ्यावर गाव उन्हाळा काढणार होतं. तेवढ्यात काठावर एका सरदाराचा तळ पडला. त्याच्या माणसांनी पेवं उपसली, गाळातली वांगी तोडून नेली, घराघरातली भांडीसुद्धा उचलली. आणि स्वयंपाकाला धरून आणली बयजाला, कारण तिच्या हाताची चव आसपासच्या गावांत माहीत होती.

बयजाची काशी तेव्हा सव्वा वर्षाची. आईच्या अंगावरचं दूध आटत आलेलं. आई दिवसभर तळासाठी भाकरी थापायची आणि लेक शेजारी उपाशी रडायची. लेकराला तुकडा दिलास तर हात तोडू, असा हुकूम होता.

सरदार मोठा संशयी होता म्हणे. सगळ्या गावाच्या तोंडचं काढून घेतलेलं, तेव्हा बाई भाजीत काही कालवील, ही भीती त्याला खात होती. चौथ्या दिवशी तो चुलीपाशी आला आणि म्हणाला, "आधी तुझ्या पोरीला चार. ती जगली तर आम्ही जेवू."

शिपाई हसले. बयजानं काशीला मांडीवर घेतलं, भाकरी वांग्याच्या रश्शात कुस्करली आणि घास घास भरवली. पोरीचं तोंड पदरानं पुसलं आणि मग मान वर केली.

"सरकार, एका पोरीवरनं काय कळायचं? मी हिला आधीच उतारा पाजला असंल तर? वांगी साऱ्या गावाची हायेत. कुणी काय शिंपडलंय, मला काय ठावं? ज्याची वांगी, त्याचं लेकरू आधी खाऊ दे."

सरदाराला ते पटलं. गावातली लेकरं धरून आणली, बावीस भरली. भांडी तर तळावर गेलेली, म्हणून बयजानं त्यांना या शिळेवर बसवलं. शिळा तेव्हा सपाट होती. असं सांगतात, की बयजा पळी घेऊन ज्या लेकरापुढं वाकली, त्याच्यापुढचा दगड आपणहून खोल झाला. रश्शाचा थेंब वाया गेला नाही.

एकेक घास झाल्यावर शिपाई लेकरांना उठवायला लागले. बयजा आडवी आली. "घासभर इख चढाया येळ लागतो. पोटभर खाऊ द्या, म्हंजी लगेच कळंल."

लेकरं पोटभर जेवली. मग ऊन कलेपर्यंत सगळा तळ त्यांच्या तोंडाकडं बघत बसला. रोज हेच चाललं. लेकरांचे गाल वर आले आणि शिपायांना गार भाकरी मिळू लागली.

सोळाव्या दिवशी पोरं हसत, पळत शिळेवर येताना सरदारानं पाहिली आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. "हाकला यांना!" तो ओरडला. "आजपासून तसंच जेवायचं."

ताटं वाढली. एकानंही हात लावला नाही. एक म्हातारा शिपाई म्हणाला, "आधी आपण घ्यावं, सरकार."

सरदारानं घास उचलला. बयजाकडं पाहिलं. ती काशीला कडेवर घेऊन उभी होती.

"काय घातलंयस यात?"

"मीठ, मिरची. पर लेकरांनी खाल्लं न्हाई, तर मी जामीन न्हाई."

सरदाराचा घास ताटात परत गेला. लेकरं पुन्हा शिळेवर बसली. चार दिवसांनी तळ उठला, तो परत आला नाही.

आजही गावातल्या बाळाचं उष्टावण त्या खळग्यातच होतं. आणि आमच्या तिन्ही खानावळींत भाजी उतरली की पहिली पळी घरातल्या लेकराला, मग गिऱ्हाईकाला. मागं एक साहेब जीप घेऊन आले, घाई आहे, आधी मला वाढा म्हणाले. सासूबाईंनी त्यांना पुढच्या गावचा रस्ता दाखवला.

ही माझी रेवा. अंगानं फार बारीक आहे. अंगणवाडीत काट्यावर ठेवतात तेव्हा मी आकडा दोनदा वाचायला लावते. एक घास किती वेळ चघळत बसते, बघा. तुम्हाला भाजीचा वास आलाय, भूक लागली असेल, मला कळतं. पण हिचं पोट भरल्याशिवाय पळी तुमच्याकडं वळायची नाही. बसा.