पढवलेली माणसं

वाईतल्या छोट्या व्यावसायिकांच्या मेळाव्याचे अध्यक्ष मिठाईवाले दिगंबरशेठ खामकर, पण चहाच्या वेळी घोळका जमायचा मसालेवाल्या वृंदाताई कासेगावकरांभोवती. ते बघून शेठच्या पोटात दुखायचं. एवढंसं भाड्याचं दुकान, जाहिरात नाही, तरी ऑर्डरी हिलाच!

एकदा त्यांना राहवलं नाही. माइक घेऊन ते म्हणाले, "ताई, गोड गप्पांनी धंदा होत नसतो. आज स्वतःबद्दल चकार शब्द न काढता इथून एक ऑर्डर मिळवून दाखवा."

"चालेल की! पण शेठ, तुम्हीही आज स्वतःबद्दल बोलायचं नाही."

शेठनी तोऱ्यात मान डोलावली. वृंदाताई शांतपणे खाली बसल्या.

थोड्या वेळाने मंडपवाले इस्माईलभाई उठले. "मला लग्नाची कामं ताईंनी मिळवून दिली. त्यांच्या मसाल्याला तोड नाही." मागून खानावळवाले तात्या ओरडले, "माझी बोहनीची गिऱ्हाइकं ताईंनीच पाठवली होती. पुढच्या महिन्याचा सगळा मसाला त्यांच्याकडूनच!"

आता आपल्याबद्दलही कुणी बोलेल म्हणून शेठ वाट बघत राहिले. कुणीच उठेना. त्यांचा जळफळाट झाला.

"ही माणसं तुम्ही आधीच पढवून ठेवलीत!"

"हो शेठ," वृंदाताई म्हणाल्या. "दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना यांची नावं मी सांगत आले, तेवढंच यांनी पाठ केलं. तुम्ही मात्र इतकी वर्षं एकट्या स्वतःलाच पढवलंत."

सभागृहात हशा पिकला. शेठनी माइक खाली ठेवला. पोटातलं दुखणं काही थांबलं नव्हतं, पण ते इस्माईलभाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "तुमचं कसं चाललंय?"