खेकड्याच्या वाळूच्या गोळ्या

सुपारी कातरतोय तर ही पोरं कातरू देत नाहीत, म्हणे गोष्ट सांगा! सांगतो, पण मधी तोंड घालायचं नाही.

लई वर्षांमागं समुद्रकाठी नखाएवढा खेकडा राहायचा. तोंडात वाळू घ्यायची, त्यातलं खाणं गिळायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून टाकायची, हा त्याचा धंदा. एकदा गोळ्यांच्या ओळी बिळापासून पाच बाजूंना पडल्या. "आयला, हे तर चांदणीसारखं दिसतंय!" तो ओरडला, अन् येडाच झाला. खाता खाता नुसत्या चांदण्या!

बगळा आला. "कुणाचा चेला रे तू? रंग कुठायत?"

"रंगाला पैका नाही, गुरुजी. वाळू फुकट मिळते."

"मग ही घाणच. पुढच्या ओहोटीला दिसली तर तुडवीन."

तेवढ्यात भरतीनं सगळं पुसलं. खेकडा उड्या मारायला लागला. "पाटी कोरी झाली! आता याहून मोठं!" पाणी हटताच त्यानं बिळाभोवती चहूकडे रांगा काढल्या. वाकडी झाली की मोडायची, पुन्हा घालायची.

बगळा आला. तुडवायला पाय उचलला अन् बघतच राहिला. मग वळसा घालून, गुडघाभर चिखलातून गेला.

तेवढी लाज बगळ्याला होती. माझं चित्र वर्गात टराटरा फाडून अजून माफी न मागितलेल्या दिगंबर खरवंडे मास्तराला नव्हती.