अनसाक्काची जास्वंद

चैत्रात विहिरींनी तळ गाठला आणि गावातली फुलझाडं करपली. फुललेली होती ती फक्त अनसाक्काची जास्वंद, कारण न्हाणीचं पाणी ती परसातल्या आळ्यात सोडायची. गणपतीला दर चतुर्थीला तिचाच हार असायचा, एकदाही चुकला नव्हता.

या चतुर्थीला मात्र देवळाचे पंच भाऊराव खोत गाभाऱ्याच्या दारातच आडवे आले.

"अनसा, हार परत ने. आंघोळीच्या पाण्यावरची फुलं देवाला चालायची नाहीत."

"ते मातीत मुरतं की, भाऊराव."

"मुरू दे. अंगावरून उतरलेलं पाणी म्हणजे घाणच. अंग कुणाचं का असेना."

"कुणाचंही?"

"कुणाचंही," खोतांनी ठासून सांगितलं आणि पुजाऱ्यापुढं हात केला. पळीभर तीर्थ तळव्यात पडलं, हात तोंडाशी गेला.

"थांबा," अनसाक्का म्हणाली. "हे आत्ताच देवाच्या अंगावरून उतरलंय. मी माझं झाडाला घालते, तुम्ही तर प्यायला निघालात."

खोतांना तीर्थ पिववेना आणि देवासमोर टाकवेना. सगळं देऊळ त्या तळव्याकडं बघत राहिलं. शेवटी त्यांनी डोळे मिटून ते पिऊन टाकलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि पुजाऱ्यावरच खेकसले, "बघतोस काय? हार घाल देवाला."

दुसऱ्या दिवशी खोतीणबाई अनसाक्काच्या दारात उभ्या. न्हाणीमागं लावायला त्यांना जास्वंदीची फांदी हवी होती.