बर्फातला बेदाणा

समुद्रात एक बेट होतं. बेटावर दीपगृह होतं. तिथे बाबलकाका राहायचे, शेवंतीकाकू राहायची. आणि त्यांचा एक पांढरा फ्रिज होता.

ही गोष्ट खूप जुनी. तेव्हा बेटावर वीज नव्हती. मग फ्रिज कसा चालायचा? गॅसवर! खाली इवलीशी ज्योत, वर गारेगार बर्फ. आहे की नाही गंमत?

फ्रिजच्या मागे राहायची इटुकली मुंगी. तिच्या बाळाचं आज बारसं होतं. आपल्या बारशाला घुगऱ्या लागतात. मुंग्यांच्या बारशाला लागतो बेदाणा. बेदाणा नाही, तर बारसं नाही. मुंग्यांची रीतच तशी.

इटुकलीने बेदाणा आणला. ओढत ओढत ओट्यावर आणला. दमली बिचारी. जरा टेकली.

तेवढ्यात काकूने बर्फाचा ट्रे ठेवला. थप्प! नेमका बेदाण्यावर. ट्रे ओला, बेदाणा चिकट. काकूने ट्रे उचलला, बेदाण्यासकट फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवला. दार बंद. खट्ट!

बेदाणा रुतला कप्प्यातल्या बर्फात.

इटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. दाराच्या फटीतून आत शिरली. हुडहुड हुडहुड!

"बर्फा, बर्फा, बेदाणा सोड."

बर्फ म्हणाला, "मी नाही सोडत जा! ज्योत विझली, तर वितळेन."

इटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली खाली ज्योतीकडे. ज्योत पिवळी पिवळी झाली होती. खोकत होती. खॉक खॉक!

"ज्योती, ज्योती, विझून जा.
बर्फ वितळेना,
बेदाणा सुटेना,
बारसं काही होईना!"

ज्योत म्हणाली, "खॉक! माझ्या नाकात काजळी. पण मी नाही विझत जा! कळ फिरली, तर विझेन."

इटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली गॅसच्या कळीकडे.

"कळी, कळी, फिर ना गं.
ज्योत विझेना,
बर्फ वितळेना,
बेदाणा सुटेना,
बारसं काही होईना!"

कळ म्हणाली, "मी नाही फिरत जा! काकूचा हात लागला, तर फिरेन."

इटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. चढली काकूच्या खांद्यावर.

"काकू, काकू, हात लाव.
कळ फिरेना,
ज्योत विझेना,
बर्फ वितळेना,
बेदाणा सुटेना,
बारसं काही होईना!"

काकू म्हणाली, "अगं बाई! आत दहीभात आहे, सोलकढी आहे. फ्रिज बंद केला तर नासेल ना सगळं? डबे रिकामे झाले, तर हात लावीन."

इटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली डब्यांकडे.

"डब्यांनो, डब्यांनो, रिकामे व्हा.
काकू ऐकेना,
कळ फिरेना,
ज्योत विझेना,
बर्फ वितळेना,
बेदाणा सुटेना,
बारसं काही होईना!"

डबे म्हणाले, "आम्ही नाही होत जा! काका जेवले, तर होऊ."

काका कुठे? दीपगृहात, उंच उंच! आज होडी यायची होती. होडी दूध आणायची, गॅस आणायची. होडी दिसल्याशिवाय काका जेवायला उतरत नसत.

इटुकली निघाली. एक पायरी, दोन पायऱ्या, शंभर पायऱ्या! तुरु... तुरु... तुरु...

"काका, काका, जेवायला चला.
डबे सरेनात,
काकू ऐकेना,
कळ फिरेना,
ज्योत विझेना,
बर्फ वितळेना,
बेदाणा सुटेना,
बारसं काही होईना!"

काका म्हणाले, "कसा येऊ गं? होडीच दिसत नाही. सगळं धूसर धूसर."

इटुकलीने वर पाहिलं. काकांच्या नाकावर चष्मा. चष्म्यावर खारे खारे डाग. समुद्राचं पाणी उडून वाळलेलं!

आता कोणाला सांगायचं? कोणालाच नाही!

इटुकली चढली नाकावर. नाकावरून चष्म्यावर. सहा पायांनी पुसलं. फुस फुस फुस! एवढीशी जागा स्वच्छ झाली. मोहरीएवढी.

मोहरीएवढ्या जागेतून काकांनी पाहिलं.

"होडी! अगो, होडी आली!"

मग काय?

काका उतरले, धप धप धप.
डबे सरले, खड खड खड.
काकूने ऐकलं, हात लावला.
कळ फिरली, कर्र कर्र.
ज्योत विझली, फुप्!
काकूने दार उघडं टाकलं. बर्फ वितळला, ठिप... ठिप... ठिप...

काका म्हणाले, "फार वेळ लागतोय. सुरीने खरवडू?"

"खबरदार!" काकू ओरडली. "फ्रिजला भोक पडेल! बर्फाला कधी घाई करायची नसते."

मग तिने गरम पाण्याचं पातेलं आत ठेवलं. तिघंही वाट बघत बसली. काका, काकू आणि इटुकली.

ठिप... ठिप...

टप्प! बेदाणा सुटला.

गार गार, ओला ओला, अख्खाच्या अख्खा!

काकूने सोड्याच्या पाण्याने फ्रिज पुसला. ब्रशने काजळी झाडली. काडी ओढली, फर्र! ज्योत पेटली. निळी निळी. खोकली का? नाही खोकली.

आणि फ्रिजच्या मागे बारसं झालं. सगळ्या मुंग्यांनी बेदाणा खाल्ला. बाळाचं नाव ठेवलं, थेंबी.

आता बेटावर वीज आली आहे. काकूचा नवा फ्रिज घूं घूं करतो. जुना कधी आवाज करायचा नाही. तो आता पडवीत असतो. त्यात काकू तांदूळ ठेवते.

पण होडीच्या दिवशी ती अजून त्याला पुसते. बर्फाच्या कप्प्यात एक बेदाणा ठेवते.

काका विचारतात, "आता कुणासाठी गं?"

काकू म्हणते, "येईल कुणीतरी."

आणि येतं.

तुरुतुरु तुरुतुरु.

बर्फाचं झालं पाणी,
इथे निजली कहाणी.